नामांतर आणि वास्तू : राष्ट्रपती भवनाच्या निमित्ताने

गिरगावातील खोताच्या वाडीचे नाव अठराव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेल्या दादोबा वामन खोतावरून पडले, असे सांगतात. कोकणातील खोती १९४९ च्या कायद्याने रद्द झाली. वाडीच्या नावातील खोत मात्र तसाच राहिला, आणि त्याचे वैषम्य कोणास वाटले नाही. १९५० मध्ये दिल्लीत नेमके उलट घडले. रायसिना टेकडीवरील व्हाइसरॉयच्या निवासस्थानाची वास्तू तीच राहिली आणि तिचे अभिधान तेवढे ‘राष्ट्रपती भवन’ झाले. नव्या नावाने जुनी वास्तू नवा अर्थ बोलू लागते काय, हा प्रश्न वास्तुसमीक्षेइतकाच भाषाविचाराचाही आहे.

१९११ मध्ये राजधानी दिल्लीस नेण्याचे जाहीर झाले; एडविन लट्यन्सने आखलेली ही ३४० दालनांची वास्तू १९२९ मध्ये पुरी झाली आणि १९३१ मध्ये आयर्विन तेथे राहावयास आले. तिच्यात छज्जा आहे, छत्री आहे, जाळी आहे. घुमट सांचीच्या स्तूपाची आठवण देतो. एवढ्यावरून तिला ‘भारतीय’ ठरविण्याची घाई अनेक समीक्षक करतात. वस्तुतः हे सारे उसने शब्द होत. वाक्यरचना युरोपीय अभिजात परंपरेचीच आहे : एक अक्ष, त्याच्या दोन्ही अंगांना कठोर समतोल, आणि टोकाला उंचावर सत्ताधीश. शब्दसंग्रह उसना घेतल्याने व्याकरण बदलत नाही, हे भाषेच्या अभ्यासकास सांगावयास नको.

या रचनेत एक व्यंग राहिले. सचिवालयांचा शिल्पकार हर्बर्ट बेकर याने आपल्या इमारतींसाठी टेकडीचा माथा घेतला, प्रासाद मागे सरला, आणि मधल्या रस्त्याच्या चढामुळे जवळ येणाऱ्यास तो काही काळ दिसेनासाच होतो. लट्यन्स या चढासाठी वर्षानुवर्षे भांडला आणि हरला. प्रजासत्ताकाच्या दृष्टीने ही हार फारशी वाईट म्हणता येत नाही.

वास्तूचे खरे पुनर्वाचन नामांतराच्या आधीच सुरू झाले होते. १९४८ मध्ये गव्हर्नर जनरल झालेल्या राजगोपालाचारींनी व्हाइसरॉयच्या भव्य दालनांऐवजी लहान खोल्या पसंत केल्या. ही कृती कोणत्याही पाटीहून अधिक बोलकी होय. नंतरची नामांतरे त्या मानाने सोपी. २०२३ मध्ये मुघल उद्यान ‘अमृत उद्यान’ झाले. जुलै २०२४ मध्ये दरबार हॉलला ‘गणतंत्र मंडप’ म्हटले गेले. ‘दरबार’ शब्द गेला हे योग्यच. परंतु ‘मंडप’ या शब्दास मराठीत खांबांवर उभी, बाजूंनी मोकळी, येणाऱ्यास न अडविणारी जागा अपेक्षित आहे. घुमटाखालचे ते बंदिस्त वर्तुळाकार दालन या अर्थास पुरे पडत नाही. शब्द वास्तूच्या पुढे गेला आहे.

त्या शब्दास साजेशी मोकळीक खोताच्या वाडीतील लाकडी घरांच्या दर्शनी व्हरांड्यात आढळते. गल्लीतून जाणारा आणि घरात बसलेला यांच्यात तेथे एका कठड्याचेच अंतर असते. वरच्या मजल्याचा जिनाही पुष्कळदा बाहेरूनच चढतो. ‘व्हरांडा’ हा शब्द पोर्तुगीज वळणाचा, घरे बहुतांशी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची, नाव खोताचे. यांतील काहीही परके वाटत नाही, कारण येथे रचनाच वापरातून घडली. अशी सुमारे पासष्ट घरे वाडीत होती, असे म्हणतात. आज त्यांतील निम्मीही शिल्लक नाहीत, आणि राष्ट्रपती भवनावर ग्रंथामागून ग्रंथ लिहिणाऱ्या वास्तुसमीक्षेने त्यांची साधी मोजमापेही पुरतेपणी घेतलेली नाहीत.