दहा खून, दोन आडनावं

आमच्या पिंपळे गुरवात एक दोस्त रहस्यकथा लिहितो. बाबूराव अर्नाळकर वाचून वाढलेला. परवा वही माझ्या अंगावर टाकली न् म्हणाला, "वाच, अन् कविता-बिविता मध्ये आणू नको." कथा पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर बेतलेली. रात्रपाळी करून गिरणीतून आलो, न झोपता वाचली. पोराची पकड चांगली आहे, हे आधीच सांगतो. गोष्ट पवनेच्या काठावर सुरू होते. हेच पाणी दापोडीला मुळेत जातं, संगमावर मुठेला मिळतं, आणि त्याच मुळा-मुठेत मार्च १९७७ मध्ये शेवटचं प्रेत टाकलं होतं.

पण मित्रांनो, माझं भांडण पुढं आहे.

जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, खून दहा. करणारे अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. मेलेल्यांत जोशींच्या घरचे तीन, अभ्यंकरांच्या घरचे चार, दोन तरुण पोरं. किती झाले? नऊ. दहावी अभ्यंकरांकडं कामाला असलेली वयस्क बाई. १ डिसेंबर १९७६ ला ती त्या घरात कामावर होती म्हणून मेली.

दोस्ताच्या कथेत तिला दीड ओळ. शास्त्रीबुवांच्या पुस्तकांच्या कपाटाला मात्र अर्धं पान! विचारलं तर म्हणतो, "तिची माहितीच मिळत नाही." अरे, मग खुन्याच्या मनात काय चाललं होतं ते तुला कुणी सांगितलं? ते चार पानं रचलंसच ना? तिथं कल्पना चालते, हिच्यापाशी आली की माहिती लागते, हा कुठला न्याय?

तिचं नाव खटल्यात आहे. मीही ते इथं छापत नाही. तिच्या माणसांना विचारलेलं नाही म्हणून. पण नाव न लिहिणं वेगळं, बाईच न लिहिणं वेगळं. आणि ती आपल्यातलीच असणार असं धरून कुणी टाळ्या पिटू नका. तिची जात मला ठाऊक नाही. तिची मजुरी पुरेशी आहे.

आणखी एक बघा. तिकडं हत्याकांडाला आडनावं मिळतात, आपल्याला गावाचं नाव मिळतं. खैरलांजी, सोनई, खर्डा. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका घरातली चार माणसं मारली. तिथं 'खुनी कोण?' हे कोडं नव्हतंच, सगळ्या गावाला ठाऊक. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली, २०१० मध्ये हायकोर्टानं ती जन्मठेपेवर आणली, आणि अॅट्रॉसिटीचं कलम काही लागलं नाही. रहस्य असलंच तर इथं आहे. हे उलगडायला अर्नाळकरांचा डिटेक्टिव्ह काय कामाचा?

अण्णाभाऊंचं 'स्मशानातील सोनं' वाच म्हणालो त्याला. भीमा मढी उकरतो. गुन्हाच की तो. पण अण्णाभाऊ आधी बंद पडलेली खाण दाखवतात, मग उकरणारे हात. आपण पोलिसाच्या बाजूनं वाचतच नाही.

दोस्त रागावलाय. वही घेऊन गेला खरा, पण काल संध्याकाळी पुलावर भेटला तेव्हा विचारत होता, "तेव्हा धुण्याभांड्याला महिन्याला किती देत असतील रे?" मी म्हटलं, आमच्या आजीला विचारू.