‘कोवळी पानगळ’ : एका शीर्षकाची तपासणी

आज आपल्यासमोर कथा-कविता नाही, एक अहवाल आहे. अहवालाची कसली समीक्षा, असं कुणी म्हणेल. पण ‘कोवळी पानगळ’ महाराष्ट्राच्या लक्षात राहिली ती आकड्यांइतकीच नावामुळे. म्हणून नावापासूनच सुरुवात करू.

गडचिरोलीतल्या ‘सर्च’च्या पुढाकारानं १३ स्वयंसेवी संस्थांनी गावांतले, पाड्यांवरचे, झोपडपट्ट्यांतले बालमृत्यू मोजले आणि २००१ साली हा अहवाल मांडला. निष्कर्ष सरळ होता : मुलं मरतात त्यांतल्या थोड्यांचीच सरकारी वहीत नोंद होते.

शीर्षक काळजाला भिडतं, यात वाद नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. पानगळ ऋतूनं होते. तिला कर्ता नसतो. ‘कोवळी’ म्हटल्यानं हळहळ वाढते, पण जबाबदारी कुणाची, हे शब्द सांगत नाही. आतला मजकूर मात्र तेच विचारतो : नोंद का झाली नाही?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात कोवळं पान गळत नाही, माणसं ते तोडतात. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर ७० पानांचा एक पुडा, असा हिशेब चालतो. तिथं पानाची मोजदाद चुकत नाही, कारण त्यावर पैसा ठरतो. दहा दिवसांचं मूल गेलं, तर ते वहीत येईलच असं नाही. हा विरोधाभास शीर्षकात आला असता, तर अहवाल अधिक बोचला असता.

मोजण्याचं मोल ‘सर्च’नं आधीच दाखवलं होतं. गावातलीच बाई बाळाचं वजन करते, श्वास तपासते, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देते. ३९ गावांतल्या या कामानं नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं. पुढे २०११ पासून देशभरच्या आशाताई घरोघरी नवजात बाळं तपासू लागल्या.

आपण मात्र डॉक्टर अभय आणि राणी बंगांचं व्याख्यान ऐकतो, डोळे पुसतो, घरी जातो. त्या आरोग्यदूत बाईची वही कुणी मागत नाही. हा दोष अहवालाचा कमी, आम्हा श्रोत्यांचा जास्त.

तेव्हा एवढंच करू. आपल्या तालुक्यात गेल्या वर्षी किती बाळं दगावली, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारू. आकडा मिळाला, तर तो गावातल्या आशाताईच्या वहीशी ताडून पाहू.