अर्ज वाचणाऱ्यांची परीक्षा

पुस्तकाची समीक्षा होते, सिनेमाची होते, आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांचीही होते. शिष्यवृत्तीच्या अर्जांवर गुण देणाऱ्या स्वयंसेवकांच्या कामाची समीक्षा मात्र कोणी करत नाही. बिचारे फुकट काम करतात, चांगल्या मनाने करतात, त्यांना काय बोलायचं, असा आपला संकोच. आज आम्ही तो संकोच बाजूला ठेवणार आहोत. भामरागडच्या माडिया मुलीच्या किंवा जिवतीच्या कोलाम मुलाच्या अर्जावर कोणीतरी पुण्यात रविवारी दुपारी बसून दहापैकी चार असा आकडा टाकतं. नागपुरातल्या खोलीचं भाडं, मेसचा डबा आणि पदवीची तीन वर्षं त्या चारावर अडतात, म्हणून बोलायचं.

एक फरक आधी सांगून टाकू. सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत कोणी निबंध वाचत नाही. उत्पन्न, जात, प्रवेश यांचे कागद बसले की पैसे मिळतात, उशिरा का होईना. खासगी न्यास आणि संस्थांकडे पैसा थोडा, अर्ज फार. तिथे निवड करावी लागते आणि निवड आली की निवडणाऱ्याचा चष्माही येतो.

तो चष्मा फॉर्मपासूनच सुरू होतो बघा. प्रश्न असतो, ‘तुमच्या नेतृत्वगुणांचं उदाहरण द्या.’ शहरातला मुलगा लिहितो, कॉलेजच्या महोत्सवाचा संयोजक होतो. धानोरा तालुक्यातला मुलगा ती जागा कोरी सोडतो. आता हाच मुलगा गावच्या ग्रामसभेचं इतिवृत्त लिहीत असेल, तेंदूपानाच्या फळीवर कोणाचे किती पुडे आले याचा हिशेब ठेवत असेल. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर, विशेषतः मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवल्यावर, गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा वनोपजाचा व्यवहार स्वतः करू लागल्या. लाखोंचा हिशेब, कंत्राटदाराशी बोलणी, सगळ्या गावाच्या सहमतीने ठराव. याला नेतृत्व म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? पण त्या मुलाच्या लेखी हे गावाचं काम आहे. ‘मी केलं’ असं तो लिहीत नाही, कारण ते त्याने एकट्याने केलेलंच नाही. फॉर्म मात्र ‘मी’ विचारतो. कोऱ्या जागेला शून्य देणारा स्वयंसेवक नियमाने वागतो, पण त्याचं मोजमाप चुकलेलं असतं.

भाषेचं तर विचारूच नका. घरी माडिया, आश्रमशाळेत मराठी, फॉर्म इंग्रजीत. सिरोंच्याकडे त्यात तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगडी. चंद्रपूरच्या पूर्व भागातलं पोर ‘पानी’ लिहितं, कारण झाडीबोलीत ते पानीच आहे. वाचणाऱ्याला ती अशुद्धलेखनाची चूक वाटते आणि एक गुण जातो. उलट गुळगुळीत निबंध दिसला की आपण खूश होतो. तो कोणी लिहून दिला, कोणत्या संस्थेच्या कार्यकर्त्याने बसून दुरुस्त केला, की मोबाइलकडूनच लिहून घेतला, हे कोण पाहतं? आमचं मत साधं आहे. विचाराला गुण द्या, वाक्याला देऊ नका. माडियात किंवा गोंडीत बोलून उत्तर रेकॉर्ड करून पाठवायची सोय ठेवा आणि ते समजणारा परीक्षक शोधा. गडचिरोलीत असे पदवीधर आता भरपूर आहेत.

गुणपत्रिकेबद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल. ‘निदान टक्के तरी निष्पक्ष असतात ना?’ असा प्रश्न नेहमी येतो. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले, ते ७५० पैकी २८२ गुण मिळवून. म्हणजे अडतीस टक्क्यांच्याही आत. आजच्या कुठल्याही न्यासाच्या साठ टक्क्यांच्या चाळणीत हा अर्ज पहिल्याच फेरीत खाली पडला असता. मग सयाजीराव गायकवाडांपर्यंत तो मुलगा पोचला कसा? केळूसकर गुरुजींनी त्याला चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेलं पाहिलं होतं. त्यांनी शब्द टाकला, महाराजांनी मुलाला भेटीला बोलावून प्रश्न विचारले आणि कॉलेजसाठी महिना पंचवीस रुपये मंजूर केले. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, ते कोलंबियाला गेले.

ही गोष्ट सांगून लोक टाळ्या घेतात, पण ती उलटीही वाचायला हवी. ज्यांना केळूसकर भेटले नाहीत त्यांचं काय? शिफारसपत्राचा रकाना आपण आजही ठेवतो. शंभर मुलांचा मुख्याध्यापक एकच मजकूर शंभरदा उतरवतो आणि शहरातला प्राध्यापक मात्र दोन पानं मन लावून लिहितो. मग आपण गुण विद्यार्थ्याला देतो की त्याच्या मास्तरला?

परीक्षा आणि मोहफुलं यांचा हंगामही एकच, मार्च-एप्रिल. पहाटे अंधारात मोह वेचून मग पेपरला जाणारी मुलं आहेत. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि आपली ऑनलाइन अर्जाची शेवटची तारीख नेमकी त्याच आठवड्यात! तारीख पुढे ढकलायला पैसे लागत नाहीत हो.

हे झालं कडकपणाचं. दुसरा दोष जास्त गोड आहे, म्हणून जास्त धोक्याचा. तो म्हणजे दया. ज्या अर्जात बाप गेलेला, घर गळकं, आई मजुरीला, त्याला भरभरून गुण. मुलं हुशार असतात, त्यांना हे लगेच कळतं. पुढच्या वर्षी प्रत्येक अर्जात घर गळू लागतं. आपण दुःख विकत घेतो, म्हणून मुलं दुःख लिहायला शिकतात. ज्या मुलीला वनस्पतिशास्त्रात खरोखर गोडी आहे, जिला रानातल्या कंदांची ओळख आजीकडून मिळाली आहे, ती मागे पडते, कारण तिचं बरं चाललंय असं वाटतं.

आणि मुलाखतीतला तो प्रश्न, ‘तुमच्याकडे नक्षलवादी येतात का?’ हा कुतूहलाचा प्रश्न नाही, हे विचारणाऱ्याला कळत नाही. हो म्हटलं तरी अडचण, नाही म्हटलं तरी खोटं पडण्याची भीती. या भागात पोलीस आणि नक्षलवादी अशा दोघांच्याही संशयापायी माणसं मेली आहेत. अठरा वर्षांच्या पोराने पाच अनोळखी लोकांसमोर याचं उत्तर का द्यावं? हा प्रश्न विचारणाऱ्याला त्या वर्षी परत बोलावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत चॉक्टॉ नावाचा आदिवासी समाज आहे. १८४७ साली स्वतः विस्थापनातून जेमतेम सावरत असताना त्यांनी आयर्लंडच्या दुष्काळासाठी १७० डॉलर पाठवले. २०१८ साली आयर्लंडने चॉक्टॉ विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती जाहीर केली. आम्हाला त्यातली परतफेड आवडते, पण मुद्दा वेगळा आहे. चॉक्टॉ कोण, हे त्यांचं स्वतःचं शासन जुन्या नोंदवहीवरून ठरवतं आणि त्यांच्या मुलांसाठी त्यांची स्वतःची शिष्यवृत्तीही आहे. आपल्याकडे आदिवासी कोण हे पडताळणी समिती ठरवते. ती ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचे पुरावे मागते. तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशातल्या चांदा जिल्ह्यात होता आणि ज्या घरात कोणी शाळेत गेलंच नाही, तिथे कागद कुठून येणार? स्वयंसेवकांनी यात पडू नये. खोटे दाखले आहेत, त्यांचा राग आम्हालाही आहे, पण आडनावावरून किंवा चेहऱ्यावरून शंका घेणं हे आपलं काम नव्हे. आडनावावरून आठवलं. आत्राम, मडावी इतके असतात की एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकतात. नावं झाका, क्रमांक द्या. पक्षपातही कमी होईल आणि गोंधळही.

बाकी पद्धत अवघड नाही. एक अर्ज पूर्ण वाचून गुण देण्यापेक्षा सगळ्या अर्जांचा पहिला प्रश्न वाचा, मग सगळ्यांचा दुसरा. दोघांनी वेगवेगळं वाचावं, आकड्यांत मोठा फरक आला तर तिसऱ्याने. दोघांपैकी एक याच जिल्ह्यातला असावा, पण त्या मुलाच्या गावचा नको. बाहेरच्याला संदर्भ कळत नाही आणि गावच्याला घराणं जरा जास्तच कळतं.

शेवटची सूचना अनेकांना खटकेल. साठ मुलं पात्र आणि जागा वीस असतील, तर अठराव्या आणि पंचविसाव्या मुलातला अर्ध्या गुणाचा फरक खरा आहे असं मानू नका. वरची दहा मुलं ठळक दिसतात, ती घ्या. मधल्या फळीत चिठ्ठ्या टाका. शिक्षणहक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के जागांसाठी सोडत चालते, ती आपण मान्य केली ना? सोडतीत हरलेल्या मुलाला निदान हे कळतं की तो नशिबात कमी पडला, लायकीत नाही.

आणि नकार कळवा. आज बहुतेक ठिकाणी नकार म्हणजे मौन. मुलगी ऑगस्टभर टेकडीवर जाऊन नेटवर्क शोधते, मेल आलाय का पाहते, तोवर दुसऱ्या वसतिगृहाची तारीख निघून जाते. दोन ओळी, मराठीत, निकालाच्या दिवशीच: निवड झाली नाही, अमुक रकान्यात गुण कमी पडले, पुढच्या वर्षी अर्ज करता येईल. प्रश्न असतील तर आता घेऊ.