रंगदुरुस्तीतील रेंडरिंग आणि पडद्यावरील ग्रामीण भूप्रदेश : बारामती-इंदापूरच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक :

मराठी चित्रपटसमीक्षेत कथा, अभिनय, संवाद व संगीत यांची चर्चा विपुल प्रमाणात होते. छायालेखनाचीही दखल घेतली जाते. मात्र चित्रित दृश्याला अखेरचा रंग देणारी प्रक्रिया केवळ तांत्रिक मानून समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवली जाते. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली असून, ग्रामीण चित्रपटातील रंग हा आशयाचाच एक घटक आहे, असे प्रतिपादन केले आहे.

रेंडरिंगचे स्वरूप :

कलर करेक्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये काम चालू असताना मूळ फाईल बदलत नाही. उजेड किती वाढवावा, पिवळा किती चढवावा, याविषयीच्या सूचना फक्त साठविल्या जातात आणि त्या केव्हाही मागे घेता येतात. शॉट पूर्ण झाला की तो रेंडरच्या रांगेत लावला जातो. तेव्हा सॉफ्टवेअर प्रत्येक चौकटीवर त्या सूचना लागू करून नवी फाईल लिहिते. सेकंदाला २४ चौकटी धरल्यास दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चौकटी होतात. दहा बिटच्या चौकटीत प्रत्येक मूळ रंगाच्या १,०२४ पायऱ्या मावतात, आठ बिटमध्ये केवळ २५६. या प्रक्रियेत जी छटा कापली जाते, ती नव्या फाईलमधून परत मिळविता येत नाही. मूळ फाईल जपून ठेवलेली असली तरी प्रेक्षक पाहतो ते रेंडर झालेलेच दृश्य. म्हणून रेंडर ही कलरिस्टच्या निर्णयाची अखेरची पायरी ठरते.

भूप्रदेशाचे रंग :

बारामती व इंदापूर या तालुक्यांत हिरवा आणि पिवळा हे केवळ भाववाचक रंग नाहीत. पाण्याच्या वाटपाची ती दृश्य खूण आहे. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात उसाची बागायत आहे, तर सुपे-मोरगाव परिसर जिरायती आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा इंदापूरच्या शिवाराला भिडला आहे. सुप्याजवळील मयूरेश्वर अभयारण्यातील वाळलेले गवत उन्हाळ्यात पिवळे दिसते. परंतु ते उजाड रान नसून चिंकाऱ्याचा अधिवास आहे. एकाच पिवळ्याचे असे भिन्न अर्थ येथे संभवतात.

याउलट, दुष्काळ म्हटला की करडा-पिवळा आणि प्रेम म्हटले की सोनेरी-हिरवा, असा ठराविक संकेत पडद्यावर रूढ झाला आहे. एका शॉटची रंगयोजना अनेक शॉट्सना लावण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. ती सरसकट वापरून रेंडर केले की कालव्याकाठचा ऊस आणि सुप्याचा माळ एकाच छटेत बुडतात. पाणी कोणाला मिळाले, हा प्रश्न मग दृश्यातून पुसला जातो. शॉट्समधील विसंगती मिटविणे हेच कलर करेक्शनचे काम आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. तो अंशतः खरा आहे. एकाच प्रसंगातील उजेडाचा फरक मिटविलाच पाहिजे. मात्र दोन भूमींमधील फरक हा दोष नव्हे.

‘सैराट’चे उदाहरण :

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) उजनीच्या याच पाण्याच्या पलीकडे, करमाळा परिसरात चित्रित झाला. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या छायालेखनातील पूर्वार्ध पाण्याने, उबदार उजेडाने आणि हिरवाईने भारलेला आहे. मात्र क्रिकेटच्या मैदानाची धूळही तेथे धूळच राहते. ही हिरवाई मोहक असली तरी ती सर्वांच्या मालकीची नाही. आर्ची पाटलाची मुलगी आहे, तर परश्या मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला. ज्या शिवारात त्यांचे प्रेम फुलते, त्यावरची सत्ता आर्चीच्या घराकडे आहे. उत्तरार्धात हैदराबादच्या वस्तीत ही हिरवाई नाहीशी होते. प्रेक्षकाला भुलविणारा रंग हा परश्याला कधीच न मिळालेल्या हक्काचा रंग होता, याची जाणीव शेवटच्या निःशब्द दृश्यात होते. पूर्वार्ध रूढ धुळकट छटेत रेंडर झाला असता, तर हे वचन आणि त्याचा भंग दोन्ही क्षीण झाले असते.

तथापि एक मर्यादा नोंदवावी लागते. ही हिरवाई इतकी लोभस आहे की अनेकांच्या स्मरणात केवळ ती आणि गाणीच उरतात. रंगाचे सामर्थ्य येथे आशयावर मात करते.

निष्कर्ष :

रेंडरिंग ही यांत्रिक कृती असली तरी तिच्यामागील निवड सांस्कृतिक असते. ग्रामीण चित्रपटाचे मूल्यमापन करताना पडद्यावरचा हिरवा कोणाच्या शेतातला आणि पिवळा कोणत्या माळाचा, हा प्रश्न समीक्षेने विचारणे अगत्याचे आहे. बागायत आणि जिरायत यांतील अंतर ज्या प्रदेशाने पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले, तेथील प्रेक्षक हा प्रश्न अधिक अधिकाराने विचारू शकतो.