रँग्लर परांजपे यांचें पूर्वचरित्र : साधनांचें परीक्षण

रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली तालुक्यांत, आंजर्ल्यानजीकच्या मुर्डी या खेड्यांत 16 फेब्रुवारी 1876 रोजीं जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे 1899 सालीं केंब्रिज येथील गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेंत सीनियर रँग्लर झाले, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. सर्वश्रुत गोष्टीची छाननी सहसा कोणी करीत नाहीं, आणि म्हणूनच तींत चुका सुखानें नांदतात. जुन्या कागदास आपण जे प्रश्न विचारतों तेच या अलीकडच्या चरित्रासही विचारून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पहिली चूक विशेषणाची. परांजप्यांस ‘पहिले हिंदी रँग्लर’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो बरोबर नाहीं. ट्रायपॉसमध्यें पहिल्या वर्गांत येणाऱ्या प्रत्येकास रँग्लर म्हणत. त्या सर्वांत अग्रस्थानीं येईल तो सीनियर रँग्लर. बंगालचे आनंदमोहन बोस हे 1874 सालीं, म्हणजे परांजप्यांच्या जन्मापूर्वींच, रँग्लर झाले होते. परांजपे हे पहिले हिंदी सीनियर रँग्लर, एवढेंच विधान टिकतें; आणि तें पुरेसें गौरवास्पद आहे. दुसरी चूक मौनाची. 1899 चें अग्रस्थान परांजप्यांस जॉर्ज बर्टविसल यांजबरोबर विभागून मिळालें होतें. हा सहभागी गाळल्यानें नायक मोठा होत नाहीं. चरित्रकाराची विश्वसनीयता मात्र कमी होते.

आतां बालपणाकडे वळूं. परांजप्यांचें इंग्रजी आत्मचरित्र ‘एटीफोर नॉट आउट’ हें 1961 सालीं प्रसिद्ध झालें. ज्या काळाचें वर्णन करावयाचें त्यापासून लेखक सात दशकांहून अधिक दूर गेला होता. अशा ग्रंथाची सत्यनिष्ठा मान्य करूनही, शेवट ठाऊक असतां लिहिलेला हा आरंभ आहे, हें वाचकानें विसरूं नये. त्यास ताडून पाहण्यास दुसरें साधन म्हणजे परांजप्यांचे आप्त धोंडो केशव कर्वे यांचें 1915 सालीं निघालेलें ‘आत्मवृत्त’. कर्वे मुरूडचे, वयानें सुमारें अठरा वर्षांनीं वडील. परीक्षेस बसण्याकरितां त्यांनीं मुरूडाहून सातारा पायीं गाठला, आणि वयानें लहान दिसतो म्हणून त्यांस तेथून परत फिरविण्यांत आलें, हा प्रसंग प्रसिद्धच आहे.

हे दोन ग्रंथ शेजारीं ठेवून वाचिले म्हणजे रूढ कथेचा दोष ध्यानांत येतो. एक असामान्य मुलगा, एक दरिद्री खेडें, आणि एकदम केंब्रिज, अशी ती कथा आहे. परंतु त्याच किनाऱ्यावरील एक मुलगा साताऱ्याहून परत येतो व पुढच्या पिढींतला दुसरा केंब्रिजला पोंचतो, हा फरक केवळ बुद्धीचा मानतां येत नाहीं. मधल्या काळांत 1884 सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी व 1885 सालीं फर्ग्युसन कॉलेज स्थापन झालें होतें. 1891 पासून कर्वे स्वतःच तेथें गणित शिकवीत होते. त्याच कॉलेजांतून परांजपे पुढें आले व 1896 सालीं सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांत गेले. मुर्डी व केंब्रिज यांच्यामध्यें पुणें आहे; कथेंत नेमकें तेंच गळतें.

तिसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. 1901 सालीं सेंट जॉन्सची फेलोशिप मिळाली असतांही परांजपे तिकडे राहिले नाहींत. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन अल्प वेतनावर त्यांनीं अध्यापन पत्करिलें व 1902 सालीं ते फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल झाले. पुढें ते परदेशीं अधिकारावर गेले, तें लंडनच्या इंडिया कौन्सिलचे सभासद (1927–32) व ऑस्ट्रेलियांतील हिंदुस्थानचे हायकमिशनर (1944–47) म्हणून. गणिती म्हणून नव्हे. त्यांचें नांव गणितांतील मोठ्या शोधाशीं जोडलेलें नाहीं, हें स्पष्ट म्हणण्यांत त्यांचा अवमान नाहीं. ट्रायपॉसचा क्रम म्हणजे संशोधनशक्तीचें माप नव्हे. 1898 सालीं त्याच परीक्षेंत चौथे आलेले हार्डी हे या क्रमवारीचे कडवे विरोधक झाले, आणि 1909 नंतर ती बंदच पडली. 1914 सालीं ज्या रामानुजनांस हार्डींनीं केंब्रिजला आणविलें त्यांजपाशीं पदवीही नव्हती. म्हणून परांजप्यांची थोरवी क्रमांकांत शोधण्यापेक्षां परत येण्याच्या निर्णयांत शोधावी, असें आमचें मत आहे. त्या निर्णयाची किंमत त्यांच्या गणितानें दिली. फळ मात्र महाराष्ट्रांतील विद्यार्थ्यांच्या पिढ्यांस मिळालें. दोन्ही बाजू मांडील तेंच चरित्र पुरें म्हणावें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. मुर्डी, आंजर्लें, मुरूड येथील माळ्यांवर आपण पेशवाईचे रुमाल शोधतों, आणि त्यांच्याच शेजारीं पडलेलीं गेल्या शतकांतील घरगुती पत्रें, शाळेचे दाखले, खर्चाच्या वह्या यांस रद्दी समजून हात लावीत नाहीं. कोंकणचा पाऊस व वाळवी मोडी आणि बाळबोध असा भेद करीत नाहींत. शिकावयास गेलेल्या मुलाचें घरीं आलेलें एक पत्र वृद्धपणच्या शंभर आठवणींस तपासून पाहूं शकतें. तेव्हां सनदेइतकाच शाळेचा दाखलाही जपावा.