संगणकाच्या तक्रारीला किती गुण?

जूनमध्ये शाळा उघडली की आमच्या जळगावकडच्या शाळेत दोन गोष्टी हमखास घडतात. वर्गांतली धूळ झाडावी लागते आणि संगणक कक्षातले एखादे यंत्र रुसलेले असते. एका वर्षी लिनक्स असलेल्या संगणकाने पॅकेजेस अद्ययावत करायला नकार दिला. पडद्यावर इंग्रजीत आठ-दहा ओळी उमटल्या. त्या कोणीच वाचल्या नाहीत. 'फॉरमॅट मारा' असा सल्ला मिळाला आणि आम्ही तो मानला. त्यात नववीच्या मुलांनी वर्षभर काढलेली चित्रे पुसली गेली. सगळे नव्याने बसवल्यावर तसाच संदेश पुन्हा आला! तेव्हा कुठे आम्ही तो वाचला.

मुलांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आपण शिक्षकांनी संगणकाचे हे लेखनही तपासायला हवे. कसोटी साधी आहे. काय झाले, का झाले आणि आता काय करावे, या तीन प्रश्नांची उत्तरे संदेशात मिळतात का?

डेबियन ही लिनक्स १९९३ मध्ये सुरू झाली. उबुंटू आणि सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली भारतीय 'बॉस' या तिच्यावरच आधारलेल्या. या घराण्यात पॅकेज बसवण्याचे काम 'डीपीकेजी' करते. भांडारातून पॅकेज शोधून आणण्याचे आणि सोबत काय काय लागेल ते ठरवण्याचे काम 'ॲप्ट' करते. त्यांचे तीन संदेश पाहू.

पहिला संदेश आपल्याकडे वीज गेल्यावर हमखास भेटणारा. डीपीकेजी पॅकेज आधी उलगडते, मग त्याची जुळणी करते आणि प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवते. मधेच वीज गेली, तर पुढच्या वेळी संदेश येतो : काम अर्धवट थांबले होते, ते दुरुस्त करण्यासाठी अमुक आज्ञा स्वतः द्या. ती आज्ञाही अक्षरशः लिहिलेली असते. ती दिली की बहुतेक वेळा राहिलेली जुळणी पूर्ण होते. या संदेशाला पैकीच्या पैकी गुण.

दुसरा संदेश आमच्या यंत्रावरचा. भांडाराची यादी 'अजून वैध झालेली नाही' असे तो सांगतो आणि किती काळाने होईल तेही दिवस, तास, मिनिटे, सेकंदांसकट देतो. खरे कारण काय होते? मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा बटणासारखा सेल संपला होता. बंद यंत्राचे घड्याळ त्याच्यावरच चालते. आमचे घड्याळ मागे पडले होते आणि इंटरनेटवरून वेळ जुळवून घेण्याची सोय बंद होती. यादीवर तारीख आणि अंकीय सही असते. बनावट किंवा शिळी यादी कोणी गळ्यात मारू नये म्हणून ॲप्ट दोन्ही तपासते. यादीवर 'उद्याची' तारीख दिसल्यावर त्याने ती नाकारली, हे योग्यच झाले. पण 'तुमचे घड्याळ तपासा' हे तीन शब्द लिहिले असते, तर मुलांची चित्रे वाचली असती. या संदेशाला निम्मे गुण.

तिसरा संदेश मात्र नापास. तो म्हणतो, 'अडचण सोडवता येत नाही, तुमच्याकडे रोखलेली मोडकी पॅकेजेस आहेत.' पुष्कळदा आपण काही रोखलेले नसते आणि मोडलेलेही नसते. भरताला वांगी लागतात आणि वांगी भाजायला कपाशीच्या काड्या. काड्याच नसतील, तर वांग्यांना मोडके म्हणून काय उपयोग? एका पॅकेजला लागणारे दुसरे पॅकेज हव्या त्या आवृत्तीत मिळत नाही, एवढेच घडलेले असते. अनेकदा कोणीतरी दोन वेगळ्या आवृत्त्यांची भांडारे एकत्र जोडलेली असतात. कशाला काय लागते ते वरच्या ओळींत नीट लिहिलेले असते. पण ठळकपणे नजरेत भरते ती शेवटची ओळ, आणि तीच दिशाभूल करते.

मराठी भाषांतराची खरी परीक्षा इथेच आहे. शब्दाला शब्द ठेवून 'मोडकी पॅकेजेस' लिहिले, तर चूक मराठीत आली, अर्थ आलाच नाही. शिवाय ज्या वाक्यांचे भाषांतर झालेले नसते ती इंग्रजीतच उमटतात. मग अर्धा संदेश मराठीत, अर्धा इंग्रजीत, आणि वाचणारा मधेच अडकलेला. 'मागितलेल्या पॅकेजला लागणारे अमुक पॅकेज मिळत नाही; वरच्या ओळी पाहा,' असे भाषांतर केले तर ते मूळ संदेशापेक्षाही सरस ठरेल.

अर्थात सगळा दोष संदेशाच्या माथी मारणे बरोबर नाही. दुसऱ्या संदेशात निम्मे उत्तर होते. आम्ही तेही वाचले नव्हते. गणित चुकले म्हणून आपण मुलाची वही फाडत नाही, पायरी कुठे चुकली ते शोधतो. संगणकाशी मात्र आपण उलट वागतो आणि मुले ते पाहत असतात.

तेव्हा पुढच्या वेळी पडद्यावर तक्रार उमटली की ती आधी वहीत उतरवून घ्या. वरून खाली वाचा. नंतर मुलांना ती आपल्या मराठीत अशी लिहायला सांगा की शेजारच्या वर्गातल्या मुलाला काय करायचे ते कळेल. ज्याला ते जमले, त्याला बिघाडही समजला म्हणायचा.