हॅन्वेल येथील व्हार्नक्लिफ पूल : एक परीक्षण

लंडनच्या पश्चिम भागांत हॅन्वेल येथें ब्रेंट नदीच्या कांठीं सार्वजनिक उद्यानांचा एक हिरवा पट्टा आहे. त्यांतून पायीं फिरणारास नदीचें खोरें ओलांडून गेलेला विटांच्या आठ कमानींचा प्रचंड रेल्वेपूल दिसतो. हाच व्हार्नक्लिफ व्हायाडक्ट होय. प्रस्तुत लेखकानें तो दोन्ही बाजूंनीं व कमानींखालीं हिंडून पाहिला. ब्रुनेल या विख्यात स्थापत्यविशारदाची आरंभींची कृति म्हणून त्याची कीर्ति आहे. परंतु आज उभा असलेला पूल सगळा एका हातचा नाहीं, आणि तो तसा समजून पाहणारास त्याचे गुणदोष नीट कळत नाहींत, असें आमचें मत आहे.

प्रथम मूळ पाठ पाहूं. ग्रेट वेस्टर्न रेल्वेकरितां इसंबार्ड किंग्डम ब्रुनेल यानें हा पूल आंखला, ग्रिसेल व पेटो या कंत्राटदारांनीं तो 1836-37 सालीं बांधला, आणि 1838 सालीं त्यावरून गाड्या धांवूं लागल्या. लांबी सुमारें 886 फूट, उंची सुमारें 65 फूट. प्रत्येक कमानीचा गाळा 70 फुटांचा असून तिचा उठाव मात्र साडेसतरा फूटच आहे. म्हणजे कमान अर्धवर्तुळाकार नसून पसरट आहे. ती मुळांत खांबांच्या एकेका जोडीवर टेकलेली होती. हे खांब वर निमुळते होत जातात व आंतून पोकळ आहेत. त्यांच्या माथ्याशीं पुढें आलेली दगडी कंगणी शोभेची वाटते. परंतु कमान बांधतांना तिच्याखालचा लांकडी सांचा याच कंगणीनें पेलला होता. शोभा आणि उपयोग एकाच रेषेंत साधणें हें मूळ कर्त्याचें वळण होय.

आतां प्रक्षेप. 1877 सालीं पूल उत्तरेकडून वाढविण्यांत आला आणि 30 फुटांची रुंदी 55 फूट झाली. म्हणून आज कमानीखालीं जोडीऐवजीं तीन खांब ओळीनें दिसतात : दक्षिणेकडील दोन मूळचे, उत्तरेकडील तिसरा मागाहून घातलेला. चतुर प्रक्षेपकार जसा मूळ कवीची शैली गिरवितो, तसाच हा तिसरा खांब पहिल्या दोहोंचें रूप घेऊन उभा आहे. यानें जोडीचा तोल बिघडला, हा दोष खरा. तथापि मूळ अक्षर कोठें खोडलें नाहीं. दक्षिणमुख जसेंच्या तसें राहिलें, हा गुण त्याहून मोठा. ब्रुनेलनें आग्रहानें धरलेला सात फुटी रूळमार्ग 1892 सालीं कायमचा उखडला गेला. त्याचा पूल मात्र अद्याप चार मार्ग वाहतो आहे.

दक्षिणमुखावर लॉर्ड व्हार्नक्लिफ यांचें कुलचिन्ह कोरलेलें आहे. रेल्वेचें विधेयक ज्या उमरावसभेच्या समितीपुढें आलें, तिचे ते अध्यक्ष होते. ही या ग्रंथाची पुष्पिका. पोथ्यांत पुष्कळदां आढळतें त्याप्रमाणें हींतही आश्रयदात्याचा मान आहे, कर्त्याचा नाहीं. राणी व्हिक्टोरिया येथील देखावा पाहण्यासाठीं गाडी थांबवीत असे, अशी आख्यायिका सांगतात. समकालीन लेखाचा आधार दाखविला जाईपर्यंत तिची जागा बखरींच्या पंक्तींत. उलट कुक व व्हीटस्टन यांची विद्युत् तार 1839 सालीं पॅडिंग्टनपासून वेस्ट ड्रेटनपर्यंत याच पुलावरून गेली. ही गोष्ट निश्चित असून अधिक महत्त्वाची आहे. परंतु राणीची कथा गोड, म्हणून लोक तीच सांगतात.

इंग्लंडांत हा पूल पहिल्या श्रेणीच्या संरक्षित वास्तूंत गणला आहे, म्हणूनच त्यांतील दोन हात आज वेगळे ओळखतां येतात. आपल्याकडे मुंबई-ठाणें मार्ग 1853 सालीं सुरू झाला. त्या पिढीचीं बांधकामें एकेक करून नाहींशीं होत आहेत. मुंबईचा कर्नाक पूल 2022 सालीं पाडला गेला. जीर्ण पूल पाडूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु पोथी कसरीनें खाण्यापूर्वीं आपण तिची नक्कल उतरवून घेतों. तशीच पुलाचीं मापें, त्यांतील जोड, त्यावरील लेख व चिन्हें वेळींच टिपून ठेवणें हेंही संशोधकाचें काम आहे. कागद जळाला तर त्याची प्रत दुसऱ्या दप्तरांत सांपडण्याची आशा असते. पुलाची दुसरी प्रत नसते.